रोवणीनंतरची गोळी

८ जुलै, सोमवार

दिव्यानी आजही वर्गात झोपली. पाचवीतली पोरगी — बाकावर डोकं टाकून, तोंड उघडं टाकून! नुसतं उठवलं नाही, उठाबशा काढायला लावल्या. चार-पाच झाल्या नाहीत तोच भिंत धरून खाली बसली. वर्ग हसला. मीही हसले.

या पोरीचा एवढा राग का येतो मला? कारण ती हुशार आहे. मठ्ठ पोरांवर मी कधी रागावत नाही, त्यांच्यापायी कशाला रक्त आटवायचं! पण हीच पोरगी चौथीत असताना मी फळ्यावर गणित लिहून वळायच्या आत उत्तर सांगायची. जानेवारीत नवोदयची परीक्षा आहे. या शाळेतून आजवर एकही पोर नवोदयला लागलेलं नाही. मे महिन्यात मी निवृत्त होणार. जाताना एक पोर लावून जायचंय, बस्स एकच. आणि जी एक आहे ती झोपते.

११ जुलै, गुरुवार

आज रंगेहाथ सापडली. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे कुडाच्या भिंतीची माती नखानं खरवडून खात होती. सगळ्यांसमोर थुंकायला लावली. "मातीखाऊ" मीच म्हणाले. दुपारपर्यंत पूर्ण शाळेत तेच नाव झालं. एकेका पोराला नाव पडायला वर्ष लागतं, हिला माझ्यामुळे तासाभरात पडलं.

१५ जुलै, सोमवार

उपकेंद्रातली नर्स आली होती, पुनम सिस्टर. नवीनच लग्न झालेली, चेहऱ्यावर सदा काळजी. तिला मी गंमत म्हणून मातीचा किस्सा सांगितला. हसलीच नाही. दिव्यानीला बोलावून घेतलं, खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरी फटक. नखं बघितली, तीही पांढरी.

"मॅडम, हा आळस नाई," म्हणाली. "इच्या पोटात जंत आहेत. आतड्याले चिकटून रक्त पिऊन राह्यले."

मग मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हे जंत तोंडावाटे नाही, पायावाटे येतात. लोक उघड्यावर बसतात, त्या ओल्या मातीत ते वाढतात, कोणी अनवाणी गेलं की तळव्याच्या कातडीतून आत. रक्त कमी झालं की पोरं पेंगतात, काहींना माती खावीशी वाटते. म्हणजे पोरगी माती खात होती ती खोडीनं नव्हे.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण आधी मनात काय आलं? — म्हणजे हे बरं होण्यासारखं आहे! जानेवारीला अजून पुष्कळ वेळ आहे.

१६ जुलै, मंगळवार

उठाबशांबद्दल तिला काही बोलले नाही. पाचवीतल्या पोरीची कोणी माफी मागतं का?

२२ जुलै, सोमवार

आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. जंताच्या गोळ्या तर आम्ही शाळेत वर्षातून दोनदा देतो, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. यंदा फेब्रुवारीत गोळ्या आल्याच नाहीत, पण मागच्या ऑगस्टमध्ये दिव्यानीनं माझ्यासमोर चावून खाल्ली होती. मग पुन्हा ही दशा कशी?

आज मूल गावाहून, घरून येताना रस्त्यात स्कूटी थांबवली आणि धानाच्या बांधीकडे बघत बसले. उत्तर तिथंच पसरलेलं होतं! चिखलणी चालू, पुढच्या आठवड्यापासून धानाची रोवणी. अख्खं गाव गुडघाभर चिखलात वाकणार. बाया रोवणार, पोरं पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहणार. चपला सगळ्यांच्या धुऱ्यावर, बांधावर. चप्पल चिखलात टिकतही नाही, आणि कोणी घालून उतरलंच तर धानाला चप्पल लावली म्हणून बाया अंगावर येतील. आणि ज्याला बसायचं असेल तो त्याच धुऱ्याच्या आड बसणार.

म्हणजे आम्ही ऑगस्टमध्ये मंगळवारी गोळी देतो, पोटातले जंत मरतात, आणि बुधवारी पोर पुन्हा चिखलात. गोळी आत असलेल्यांना मारते, दारात उभे असलेल्यांना अडवत नाही. दिवाळीपर्यंत पोट पुन्हा भरलेलं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात येऊ नये? माझ्याही आली नाही इतकी वर्षं, पण माझं सोडा, मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही.

गोळी द्यायची ती रोवणी आटोपल्यावर. पाय कोरडे झाले की मग.

मुख्याध्यापक गुणवंतरावांना सांगितलं. ते म्हणाले, तारीख वरून येते, आपण फक्त फोटो पाठवायचे. या माणसाच्या पोटात जंत गेले तर उपाशी मरतील, आत काही नाहीच.

२९ जुलै, सोमवार

पुनम सिस्टरला माझं म्हणणं पटलं — अर्धं. बाकीच्या पोरांचं रोवणीनंतर करा म्हणाली, पण दिव्यानीला थांबवू नका. मी म्हटलं, मग तिला दोनदा द्या. तर तसं होत नाही म्हणे. एका फेरीत एका पोराला एकच गोळी, मोजून येतात. मग आत्ता की नंतर? एकच काय ते बोला.

तिला दवाखान्यात न्यावं म्हणून दिव्यानीच्या आईकडे गेलो, आशाबाईकडे. ती पऱ्हे उपटत होती. मान वर न करता म्हणाली की रोवणी झाल्यावर पाहू. गावात सगळंच रोवणी झाल्यावर. मरण आलं तरी त्याला धुऱ्यावर बसवून ठेवतील.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज गोळ्यांचा दिवस. शाळा ओस. सगळी पोरं बांधीत. गुणवंतरावांनी हजर असलेल्या मूठभर पोरांचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढले, कधी उभं करून, कधी बसवून. फोटोत शाळा भरलेली दिसते आहे.

पुनम सिस्टर पिशवीत गोळ्या भरून बांधीकडे निघाली होती. मी गेटवर अडवलं. चिखलात उभ्या पोराला गोळी देणं म्हणजे ती चिखलातच टाकणं, म्हटलं. रोवणी होऊ दे. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. तरुण पोरगा आहे, ऐकून तरी घेतो. गैरहजर पोरांना नंतर दिली तर चालेल म्हणाला. झालं! गोळ्या माझ्या कपाटात.

सिस्टर जाता जाता थांबली. "मॅडम, दिव्यानीचं काय? तेवढे दिवस ते रक्त पितीनच ना."

"पिऊ दे," मी म्हणाले. "थोडे दिवस पिऊ दे. मग एकदाच मारू."

ती माझ्याकडे बघत राहिली. बघू दे. हिशेब बरोबर असला की तोंड गोड ठेवायची गरज नसते.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसही ठरवला — मारबतीचा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाव दारादारातल्या पळसाच्या फांद्या काढून शिवेबाहेर फेकतं आणि ओरडतं, रोगराई घेऊन जा गे मारबत! तोवर रोवणी संपलेली असते. गेल्या वर्षी एक पोरगं गोळीनं ओकलं म्हणून अर्ध्या बायांनी आपापल्या पोरांच्या तोंडातून गोळ्या काढून फेकल्या होत्या. पण मारबतीच्या सकाळी रोग हाकलायला कोण नाही म्हणेल?

मी बौद्ध बाई. दरवर्षी वर्गात सांगते की फांद्या फेकून रोग जात नाही. यंदा फांद्या फेका म्हणेन, फक्त आधी तोंड उघडा.

आमचे हे, बापूराव, पेपरमागून म्हणाले, "बुवाबाजी सुरू केली का आता?" त्यांना चहा दिला नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. रोवणी लांबली.

२६ ऑगस्ट, सोमवार

दिव्यानी बांधीत पडली. पेंढ्या घेऊन जाताना तोंडावर आपटली, चिखलात, आणि उठलीच नाही. बापानं — मुखरूनं — वेणी धरून वर ओढली म्हणून नाकात पाणी गेलं नाही. शाळेत खबर आली तशी मी गेले.

धुऱ्यावर टाकली होती. ओठ मातीच्या रंगाचे. आशाबाई रांगेत वाकूनच होती, रोवणारा हात थांबला नव्हता. गटाची रोवणी, एकीनं रांग सोडली की सगळ्यांचा खोळंबा. तिथूनच मला म्हणाली, "घेऊन जा मॅडम इले शाळेत. इथी निस्ती पायात येते." बाकीच्या बाया हसल्या. आई पण हसली. मी पोरीला उठाबशा काढायला लावून हसले होते, तसंच.

मी पोरीचं तोंड धुतलं. गोळी माझ्या पर्समध्येच होती. येताना कपाटातून घेतली होती, का घेतली कोणास ठाऊक. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेले. पोळ्याला आठवडा उरला होता आणि पलीकडच्या दोन बांध्या अजून रोवायच्या होत्या. आत्ता दिली तर उद्या ती पुन्हा त्याच चिखलात, आणि मग फेब्रुवारीपर्यंत काही नाही. परीक्षा जानेवारीत.

पर्सची चेन उघडली. पुन्हा लावली.

२७ ऑगस्ट, मंगळवार

शाळेत जाताना मनात आलं, मेली असली तर? मग वाटलं, मेली असती तर फोन आला असता. आणि स्कूटी चालवत राहिले. असं काही मनात येणाऱ्या बाईला शासन आदर्श शिक्षिका म्हणून शाल देतं. मला दोनदा दिली आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

झालं! एकदाचं झालं!

पहाटेच मूलहून निघाले. गावात पोचले तर पोरं फांद्या घेऊन रस्त्यावर. आमच्या खिचडीवाल्या अन्नपूर्णाबाईंनी रात्रीच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करून आणल्या होत्या, कारण उपाशीपोटी गोळी नको असं सिस्टरनं बजावलं होतं. शिवेवर टेबल टाकलं. मी, सिस्टर, पाण्याची बादली.

एकेक पोर यायचं, पोळीचा तुकडा खायचं, गोळी चावायचं, पाणी प्यायचं, मग फांदी फेकायचं. पहिल्या पोराला मीच शिकवलं आणि मग सगळी शीव दणाणली — खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! पोटातले जंत घेऊन जा गे मारबत! म्हाताऱ्या हात जोडून उभ्या. ज्या बायांनी गेल्या वर्षी पोरांच्या तोंडात बोटं घातली होती, त्याच यंदा माझं उरलं, माझं उरलं म्हणून पोरांना पुढे ढकलत होत्या. मीसुद्धा ओरडत होते. बापूरावांनी बघितलं असतं तर!

आशाबाई दिव्यानीला पाठीवर घेऊन आली. चालवतच नव्हतं तिला. मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली आणि हनुवटी धरून ठेवली, पूर्ण चावून होईपर्यंत. तिला फांदी फेकता आली नाही, शिवेच्या अलीकडेच पडली. मी ती पायानं पलीकडे लोटली.

खरं सांगू? रडू आलं मला. तिच्यासाठी की स्वतःच्या हुशारीसाठी, ते नाही सांगता येत.

दुपारी सिस्टरनं बोट टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज एक. उद्यापासून माझ्यासमोर.

५ सप्टेंबर, गुरुवार

दोघं-तिघं ओकले, काहींची पोटं दुखली. कुणाची तक्रार नाही. उलट मारबतीनं ओढून नेलं म्हणतात! माझं नाव कोणी घेत नाही. इतके दिवस मी डोकं चालवलं आणि श्रेय पळसाच्या फांदीला. शिक्षक दिनाला पोरांनी मला गुलाबाचं फूल दिलं, कागदाचं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नवोदयचा फॉर्म भरला. मुखरूची सही घ्यायला दोनदा जावं लागलं. पहिल्या वेळी तो कशावरही सही करण्याच्या अवस्थेत नव्हता.

दिव्यानीला सँडल घेऊन दिल्या. त्या हातात घेऊन शाळेत आली, मळतील म्हणून! सगळ्यांसमोर पायात घालायला लावल्या. पोरगी कानापर्यंत लाल झाली. लाल झाली! म्हणजे रक्त आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज वर्गात झोपली नाही. मीच पेंगले.

१६ ऑक्टोबर, बुधवार

चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले. गर्दीत बापूराव हरवले, पुस्तकांच्या स्टॉलवर सापडले. तिथूनच दिव्यानीसाठी सरावसंच घेतले. स्वतःच्या नातवाला काही घेतलं नाही हे घरी आल्यावर लक्षात आलं. त्याच्याजवळ सगळं आहे. मोबाईलवर गाड्या पळवतो दिवसभर.

२५ नोव्हेंबर, सोमवार

धान कापून झालं. बांध्या कोरड्या, भेगा पडलेल्या. पोरांचे पाय पांढरे, फुटलेले, पण कोरडे. माझे लाडके कोरडे पाय!

सिस्टरनं आज पुन्हा बोट टोचलं. साताचे अकरा झाले. पोरीचे गाल भरलेत, केस दाट झालेत. काल तिनं गाईमागे धावत जाऊन तिला वळवून आणलं म्हणे. पडली ना? नाही, पडली नाही.

"मॅडम, तुमचंच बरोबर निघालं," सिस्टर म्हणाली. म्हणायला तिला जड गेलं, म्हणून जास्त बरं वाटलं. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षीपासून आपल्या भागात गोळी रोवणीनंतरच द्यावी असं वर लिहितो. गुणवंतरावांनी लगेच "आपल्या शाळेचा उपक्रम" असा बोर्ड रंगवायला टाकला. त्यावर त्यांचं नाव वर, माझं खाली.

ऑगस्टमध्ये घाबरून गोळी दिली असती तर आज ही पोरगी पुन्हा भिंत खात बसली असती. पर्सची चेन लावली तेच बरोबर होतं. हे मी इथं लिहून ठेवते, कारण मोठ्यानं बोलले तर लोक मला राक्षसीण म्हणतील.

२३ डिसेंबर, सोमवार

गावात मिरचीचे वारे सुरू झाले. संक्रांत झाली की गाड्या भरून लोक तेलंगणात मिरची तोडायला जातील, सोबत पोरं. दरवर्षी माझा वर्ग अर्धा होतो आणि एप्रिलमध्ये तिखटानं सोललेले हात घेऊन परत येतो.

दिव्यानीची मला चिंता नाही. मुखरू-आशाबाई आणि मोठी दोन पोरं जातात, ही दरवर्षी आजीजवळ राहते. हिवाळाभर एक दिवस चुकवत नाही. अडाणी असले तरी कोणत्या पोराला शिकवायचं ते त्यांना कळतं, असं मी गेल्या वर्षी केंद्रप्रमुखांना सांगितलं होतं. त्यांनी ते भाषणात वापरलं.

८ जानेवारी, बुधवार

सराव परीक्षा घेतली. शंभरपैकी एक्याण्णव! पेपर मी तीनदा तपासला. कुठंतरी चूक सापडावी म्हणून शोधत होते, सापडली नाही. मुद्दाम कठीण काढला होता.

१८ तारखेला शनिवारी परीक्षा, केंद्र मूललाच. आदल्या दिवशी तिला माझ्या घरी आणणार, सकाळी स्कूटीवरून सोडणार. बापूरावांना सांगून ठेवलं की टीव्ही बंद. स्वेटर घेतला. दोन पेनं घेतली. मी देवाला मानत नाही, पण बुद्धासमोर जरा जास्त वेळ बसले.

तिला विचारलं, "भीती वाटते का गं?" म्हणाली, "कायची?" मला हसू आलं. माझीच पोरगी शोभते.

१५ जानेवारी, बुधवार

आज आशाबाई शाळेत आली. पहिल्यांदाच, आपणहून. पदराखाली तिळाचे लाडू. मागे दिव्यानी. माझ्या पाया पडली, मी नको नको म्हणेपर्यंत पडलीसुद्धा.

"मॅडम, तुमच्यामुळं पोरगी कामाची झाली," म्हणाली. "दरवर्षी मुकादम इले गाडीतून उतरवून द्याचा, मरतुकडी नको म्हने. म्हनून आजीपाशी टाकून जावं लागे. अवंदा त्यानं दंड दाबून पाह्यला अन् पह्यलं नाव इचंच लिवलं."

गाडी उद्या पहाटे. मी शनिवारचं सांगितलं, तीनच दिवस मागितले. ती गोंधळली. तीन दिवसांसाठी गाडी कशी थांबेल, मॅडम?

दिव्यानी स्वेटर घालून उभी होती, हसत. पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जायला मिळतंय.

"मॅडम, मी मायएवढीच तोडीन."

मी सवयीनं "शाबास" म्हणाले.